गरी कुणाची, खडप कुणाचं

मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटन आलं ते पाण्याच्या वाटेने. आधी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या फेऱ्या, मग स्नॉर्केलिंग, स्कूबा, देवबागच्या संगमावरचे वॉटर स्पोर्ट्स, डॉल्फिन दाखवायच्या होड्या. आता त्यात रॉड आणि रीळ घेऊन येणारे पाहुणे वाढू लागले आहेत. पुणे-मुंबई, बेळगाव, कोल्हापूर, गोवा, कुठून कुठून येतात. खोली घेण्याआधी विचारतात, की खाडीत चोणक लागतोय का, खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर, तांबोशी आहे का. सरकारलाही हा विषय परका नाही. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत माशांच्या जोडीला हौशी मासेमारीलाही जागा दिलेली आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा धंदा कोकण किनाऱ्यावर वाढावा असं मला मनापासून वाटतं. पण तो कोणाच्या हाताने वाढतो, यावर तो गावाला तारेल की गावाला समुद्रापासून तोडेल, हे ठरणार आहे. याबाबत माझे डोळे उघडले ते मालवणजवळच्या एका वाडीतल्या मावशी-भाच्याच्या भांडणाने. भांडण म्हणजे खरंच भांडण. दोघंही हट्टी आणि दोघांचंही समुद्रावर पोट. भाचा कांडाळीचं जाळं मारणाऱ्या घरातला, पदवीधर, तीन-चार हंगामांपासून पाहुण्यांना गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, नेतो. मावशीचा जन्म मासळी विकण्यात गेला. बोलणं अर्थात मालवणीत झालं. इथे सगळ्यांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत लिहिलं आहे, दोनचार शब्द तेवढे तसेच ठेवले आहेत.

भाचा : मावशे, आधी एवढं मान, की गरवणं आपल्याकडे बाहेरून आलेलं नाही. आजा छोट्या होडीत एकटा जायचा. लाकडाच्या तुकड्यावर दोरी गुंडाळलेली, टोकाला शिसं आणि गरी, गरीला सुंगटं नाहीतर म्हाकलाचा तुकडा. दुपारपर्यंत दोन गोब्रे, एखादी तांबोशी घेऊन यायचा. मी तेच करतो. दोरीच्या जागी रॉड आला, इतकंच.

मावशी : तेच करतोस म्हणू नको. आजा गरवायचा तो घरात कालवण शिजावं म्हणून. जास्त मिळालं तर माझ्या पाटीत यायचं. तुझा पाहुणा कशाला गरवतो?

भाचा : हौसेला. आणि त्या हौसेचे तो पैसे देतो. सकाळी सहाला दोघांना घेऊन निघतो, अकराला परत. मासा लागला तरी पैसे, नाही लागला तरी पैसे. कांडाळी टाकून रात्र काढायची आणि जाळ्यात नुसत्या जेलीफिश आल्या, तर डिझेलचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो? एलईडीवाले आणि पर्ससीनवाले बाहेरच्या बाहेर बांगडा उचलून नेतात. आमच्या वाट्याला काय उरतं ते तुला जेटीवर रोज दिसतं.

मावशी : दिसतं. म्हणूनच सांगते. रापण ओढताना बघितली आहेस ना? पात जाळं सोडत मासळीला वळसा घालून येते, मग दोन्ही दोरांना चाळीस-पन्नास हात लागतात. दोराला ज्याचा हात लागला त्याचा वाटा. म्हातारा असो, शाळेतला पोर असो. मग लिलाव. मग आम्ही बायका. कोणी ताजी विकते, कोणी खारवते, कोणी वाळूत सुकवते. एका ओढीवर किती घरांत चूल पेटते ते मोज. तुझ्या होडीत मासा पाण्यातून वर येतो, फोटो काढतात, परत पाण्यात जातो. या सगळ्यात माझी पाटी कुठे आली?

हा प्रश्न हौशी मासेमारीच्या प्रसाराबद्दल बोलणाऱ्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही. हिशेब नेहमी खोली, जेवण, होडीचं भाडं, गाडीचं भाडं असा मांडला जातो, आणि तो खोटाही नसतो. पण मासळीच्या धंद्यात होडी आणि चूल यांच्यामध्ये जे हात असतात, ते बहुतेक बायकांचे असतात. निवडणं, बर्फ घालणं, लिलावात बोली लावणं, उधारी वसूल करणं, सुकवणं, आठवडी बाजार गाठणं. सोडून दिलेल्या माशाला यातलं काहीच लागत नाही. जो धंदा मासा वाचवतो म्हणून आपण त्याचं कौतुक करतो, तोच धंदा बायकांच्या हातचं काम काढून घेऊ शकतो. ही किंमत आधी कबूल केली पाहिजे, मगच पुढचं बोलणं प्रामाणिक होईल.

भाचा : तुमच्यासाठी काम नाही असं कोण म्हणतो? वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका बघ. २०१७ पासून स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. पक्ष्यांची नावं सांगतात, खेकडे दाखवतात. लांबून लोक त्यांच्यासाठी येतात.

मावशी : त्यांचा मला अभिमानच आहे. पण त्या किती जणी? आणि जेटीवर पाटी घेऊन बसणाऱ्या आम्ही किती? एकदोन गटांना काम मिळालं म्हणून बाकीच्यांनी घरी बसायचं का?

भाचा गप्प राहिला. मग विषय माशाकडे वळला, आणि इथे दोघंही आपापल्या हक्काच्या जागेवर होते.

भाचा सोडतो कसा, ते मी त्याच्या होडीत बसून पाहिलेलं आहे. कोळंबच्या खाडीत भरती ओसरायला लागली होती. रबराचा छोटा मासा कांदळाच्या मुळांजवळ पडला आणि रीळ किंचाळायला लागलं. चोणक पाण्याबाहेर उडाला, डोकं झाडून गरी झटकायचा प्रयत्न करून परत आत गेला. डोळा विस्तवासारखा लाल चमकत होता. भाच्याने गरीचा उलटा काटा पक्कडीने आधीच चेपून सपाट केला होता. मासा होडीच्या कडेला आल्यावर त्याने तो ओढून आत टाकला नाही. आधी स्वतःचे हात पाण्यात बुडवले, कारण कोरड्या हाताने धरलं की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग रोग शिरतो. एक हात खालच्या जबड्याला, दुसरा पोटाखाली. कल्ल्याच्या झाकणाला बोट लागू नये म्हणून जपत होता, ती कड पात्यासारखी कापते. ओल्या चटईवर लांबी मोजली, पाहुण्याने एक फोटो काढला, आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरून ठेवला. शेपटीचा जोर हाताला जाणवेपर्यंत सोडला नाही. सगळं मिळून माणूस श्वास रोखून धरेल एवढाच वेळ गेला असेल.

मावशीला हे वर्णन करून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कल्ल्याची धार मला सांगू नका, माझी बोटं बघा." आणि मग मूळ मुद्द्यावर आली.

मावशी : मी मासे मारत आले, विकत आले, मला पाप-पुण्य कोणी शिकवायला नको. पोटासाठी मारलेला मासा मला समजतो. पण ज्याला खायचा नाही, विकायचा नाही, त्याच्या तोंडात गरी घालून त्याला दमवायचं आणि मग सोडायचं, यात कसला आनंद?

भाचा : सोडणं आपल्याला नवीन आहे का? कासव जाळ्यात आलं तर आपण जाळं कापतो. देवमुशी आली तर कापतो. २०१८ च्या शेवटापासून सरकार फाटलेल्या जाळ्यासाठी पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देतं, पण त्याआधीही कापत होतोच.

मावशी : ते जाळ्यात चुकून आलेलं असतं, झिला. आपण त्याला बोलवायला जात नाही.

या मुद्द्यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही पूर्ण उत्तर नाही. हौसेखातर एखाद्या जिवाला त्रास द्यावा का, हा प्रश्न खरा आहे आणि पैशाच्या हिशेबाने तो मिटत नाही. मी एवढंच म्हणेन, की ज्याला हा प्रश्न टोचतो तोच मासा नीट सोडायला शिकतो. ज्याला टोचत नाही, तो चोणकाला गरम फायबरवर आपटत ठेवतो आणि पाच फोटो काढून मेलेला मासा पाण्यात टाकतो. तसले पाहुणेही या किनाऱ्यावर येतात.

शिवाय प्रत्येक मासा सोडता येतो हेही खरं नाही. दहा-बारा वाव खोल खडपावरून गोब्रा भरभर वर ओढला, की पाण्याचा दाब कमी होऊन त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. जठर तोंडातून बाहेर येतं, डोळे सुजतात. असा मासा सोडला तरी खाली जाऊ शकत नाही, पोट वर करून तरंगत राहतो आणि घारी-समुद्रपक्षी त्याला टिपतात. वजन लावून त्याला परत तळापर्यंत उतरवायची साधनं निघाली आहेत, पण आपल्याकडच्या होड्यांवर ती कोण ठेवतो?

भाचा : म्हणून मी म्हणतो, खोल खडपावरचा मासा सोडायचं नाटकच नको. दिवसाला मोजके काढायचे, आणि ते जेटीवर आणून लिलावात घालायचे. तुझ्या पाटीत येतील, मावशे.

मावशी : हे पहिलं शहाणपणाचं बोललास. आणि खाडीतला मोठा चोणक?

भाचा : तो सोडायचा.

मावशी : सोडायचाच. मोठा चोणक चिरला आणि आत गाबोळी नाही, असं क्वचितच बघितलं मी.

मावशीच्या सुरीला जे दिसतं त्यामागे शास्त्र आहे. चोणक, ज्याला रायगडात जिताडा म्हणतात, आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. गोब्र्याच्या बहुतेक जातींत उलटं असतं. आधी मादी, मोठेपणी नर. म्हणजे दोन्हींकडे मोठे मासे काढत राहिलं की पुढच्या पिढीचा एक पाय मोडतो. आणि हौशी माणसाला हवा असतो तो मोठाच मासा. फोटो त्याचाच निघतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला, हे फार चांगलं झालं. पण तो नियम लहान माशाला वाचवतो. मोठ्याला वाचवणारा नियम आपल्याकडे नाही, कारण जाळ्याच्या मासेमारीत तो प्रश्न तितकासा ठळक नव्हता. हौशी मासेमारी वाढवायची असेल तर वरची मर्यादाही लागेल, आणि ती प्रत्येक खाडीसाठी गावाने आपल्या अनुभवावर बसवायला हवी.

हौशी लोकांचा एक मोठा उपयोग मात्र भाच्याला नेमका ठाऊक होता. ते लिहून ठेवतात. कावेरीवर कर्नाटकात महसीर पकडून सोडणाऱ्यांच्या छावण्या होत्या. भीमेश्वरी, गालीबोरे, दोड्डमाकळी. तिथे कोणी कोणत्या दिवशी किती तास गळ टाकला, कोणता मासा किती वजनाचा लागला, याच्या नोंदी ठेवल्या जायच्या. गालीबोरेच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी पुढे संशोधकांनी तपासल्या, तेव्हा दिसलं की महसीर मिळत होते, पण नदीचा मूळचा वशिंडवाला महसीर झपाट्याने नाहीसा होत होता. बाहेरून आणून सोडलेली दुसरी जात त्याची जागा घेत होती. २०१८ मध्ये तो मूळचा महसीर जगातल्या अत्यंत संकटग्रस्त माशांत गणला गेला. हौशी लोकांच्या वह्या नसत्या तर हे इतक्या स्पष्टपणे कळलंच नसतं.

त्याच छावण्यांचा शेवटही मालवणने लक्षात ठेवावा असा आहे. अभयारण्यात खेळ म्हणून मासे पकडणं वन्यजीव कायद्यात बसत नाही, या कारणावरून त्या बंद झाल्या आणि त्यांवर गाइड म्हणून जगणारी गावची माणसं उघडी पडली. मालवणलाही १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपायला हवं, असं कायदा सांगतो. व्यवसायाचं. त्या तरतुदीत हौसेचा उल्लेख नाही. म्हणून भाच्याने अभयारण्याच्या हद्दीबाहेरच गरवावं, आणि मावशीच्या घरच्या कांडाळीला मिळालेलं संरक्षण आपल्यालाही आहे असं समजू नये.

मग निघाला खडपांचा विषय. मला वाटतं भांडणाचा गाभा इथेच होता.

मावशी : तुझ्या काकांची खडपं तू पाहुण्यांना दाखवतोस.

भाचा : दाखवत नाही. त्यांच्यावर नेतो.

मावशी : फरक काय? काकांनी ती खडपं कशी लक्षात ठेवली? देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत, दुसरीकडे किल्ल्याचा बुरूज आणि माडाचा शेंडा एका रेषेत. दोन रेषा जुळल्या की खाली खडप. बापाने मुलाला सांगायचं, मुलाने भावालासुद्धा नाही. तुझा पाहुणा खिशातल्या फोनवर एक बोट टेकवतो आणि खडप त्याचं होतं. पुढच्या वर्षी तो स्वतःची बोट घेऊन येईल, नाहीतर ती खूण कोणा ट्रॉलरवाल्याच्या हातात जाईल.

भाचा : फोन बंद करून डब्यात ठेवायला सांगतो.

मावशी : सगळे ठेवतात?

भाचा : सगळे नाही.

पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली ही माहिती म्हणजे कोळ्या-गाबितांची मालमत्ता आहे, पण तिचा सातबारा नाही. हॉटेलवाला बोट विकत घेऊ शकतो, परवाना काढू शकतो, पगारावर माणूस ठेवू शकतो. खडप कुठे आहे हे त्याला फक्त गावच्या माणसाकडून कळतं, आणि एकदा कळलं की पुन्हा विचारायची गरज उरत नाही. भाच्यासारख्या मुलांनी हा धंदा एकेकटा करायचं सोडून एकत्र करायला हवा, याचं माझ्या मते सगळ्यांत मोठं कारण हेच आहे. एकटा माणूस पाहुण्याला नाराज करायला घाबरतो. दहा होड्यांनी मिळून "फोन डब्यात, नाहीतर फेरी रद्द" असं ठरवलं तर पाहुणा ऐकतो.

भाच्याचं पुढचं म्हणणं राजकारणाचं होतं. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे, पर्ससीनवर २०१६ पासून राज्याचे निर्बंध आहेत, परराज्यातल्या हायस्पीड ट्रॉलरविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं चालू आहेत. तरी रात्री क्षितिजावर दिवे दिसतात. तो म्हणाला, "आम्ही ओरडलो तर मच्छीमारांची नेहमीची कटकट म्हणून सोडून देतात. शहरातले डॉक्टर, वकील, उद्योजक आमच्या होडीत बसून ते दिवे स्वतः बघतील तेव्हा आमच्या बाजूने बोलतील. बेलीझमध्ये तसंच झालं."

बेलीझचं उदाहरण त्याने नीट वाचलेलं होतं. मध्य अमेरिकेतला कॅरिबियन किनाऱ्यावरचा छोटा देश. तिथे उथळ पाण्यातल्या बोनफिश, परमिट आणि टारपन या तीन माशांच्या मागे जगभरातून लोक येतात. २००९ मध्ये कायदा झाला, की हे तिन्ही मासे पकडून सोडायचे, मारायचे नाहीत. २०१० च्या अखेरीस ट्रॉलिंगच पूर्ण बंद केलं. गाइडमध्ये कित्येक जण आधीचे मच्छीमार किंवा मच्छीमारांची मुलं. भाच्याला हे चित्र मालवणला हवं आहे, आणि ते वाईट चित्र नाही.

पण त्याच देशाने २०२० मध्ये पाण्यात उभं राहणारं जाळं, म्हणजे आपली कांडाळी, सरसकट बंद केली. ती मागणी करणाऱ्यांत हौशी मासेमारीवाल्यांच्या संघटनाही होत्या. मी हे सांगितलं तेव्हा मावशी भाच्याकडे नुसती बघत राहिली. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने तर आणखी सरळ मार्ग घेतला. २००१ पासून हौशी मासेमारीला शुल्क लावलं, त्या पैशाचा निधी केला, आणि २००२ मध्ये तीस ठिकाणं केवळ हौशी लोकांसाठी मोकळी केली. तिथल्या व्यावसायिक मच्छीमारांना मोबदला देऊन बाजूला केलं. काम चोख झालं, पैसे दिले, मासे वाढावेत म्हणून खर्चही केला. पण त्या खाड्यांवरून मच्छीमार उठला तो उठलाच.

मावशी : म्हणजे आज पाहुणा माझ्या बाजूने ट्रॉलरविरुद्ध बोलेल, आणि उद्या त्याच तोंडाने माझ्या कांडाळीविरुद्ध बोलेल.

भाचा : बेलीझमध्ये नियम सरकारने आणि मोठ्या संस्थांनी ठरवले. आपण आधी ठरवले तर?

मावशी : आपण म्हणजे कोण?

पावसाळ्याबद्दल दोघांत वाद नव्हता. १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढलेल्या असतात, आणि त्याच दिवसांत खाडीच्या तोंडावर, जेटीवर, कातळावर रॉडवाले उभे दिसतात. बंदी यांत्रिक नौकांना आहे, रॉडला नाही. पण मासळी अंड्यावर असताना आपण घरी बसायचं आणि पाहुण्याने गरवायचं, हे वाडीतल्या कोणालाच पटणार नाही. भाच्याने ते दोन महिने धंदा पूर्ण बंद ठेवायचं कबूल केलं. पावसाळ्यात कातळावरून लाटेने ओढून नेलेल्या माणसांची नावं दोघांनाही पाठ होती.

सुरक्षिततेबद्दलही तो ऐकून घेणारा निघाला. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, ते सगळ्या किनाऱ्याने पाहिलं. मासेमारीच्या नौकेवर पाहुणे बसवायचे तर मेरिटाइम बोर्डाचा प्रवासी परवाना, विमा आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच. मासा लागला की पाहुणा उठून उभा राहतो आणि सगळे एका बाजूला धावतात. छोटी होडी उलटायला तेवढं पुरतं.

शेवटी मी मावशीला सरळ विचारलं, की काय केलं तर तुम्ही या धंद्याला हो म्हणाल? ती म्हणाली की हो म्हणायची तिला घाई नाही. पण विचारलंच आहे तर ऐका. पाहुण्याने काढलेला आणि न सोडलेला प्रत्येक मासा जेटीवर लिलावात आला पाहिजे. त्याला तोच मासा खायचा असेल तर त्याने लिलावात विकत घ्यावा, बाईने तो साफ करून द्यावा, आणि त्या कामाचे पैसे वेगळे द्यावेत. प्रत्येक फेरीमागे ठरावीक रक्कम रापण संघाच्या आणि मासळी विकणाऱ्या बायकांच्या खात्यात पडावी. वही बायकांनी लिहावी. कोणता मासा किती लांबीचा, सोडला की आणला. "आम्हाला मासा ओळखायला पुस्तक लागत नाही," ती म्हणाली. आणि पहिली पाच वर्षं, ज्याच्या घरात जाळं आहे त्याच्याच होडीला गरवण्याची फेरी मिळावी.

भाच्याने लिलाव मान्य केला, वही मान्य केली, फेरीमागच्या रकमेवर थोडी घासाघीस केली. शेवटची अट मात्र त्याला पटत नाही. त्याच्या बरोबरीचा एक मित्र, बाप शिक्षक, पण लहानपणापासून समुद्रावर वाढलेला. त्याला केवळ घरात जाळं नाही म्हणून बाहेर ठेवायचं? शिवाय मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिलांना ६० टक्के मदत मिळते. बायकांच्या नावाने नवी बोट घेतली तर तिला हा नियम लावणार का?

मावशी : बायकांच्या नावावर घेतलेली बोट कोण चालवणार ते आधी सांग. कागद माझ्या नावाचा आणि पैसे दुसऱ्याच्या खिशात, हे आम्ही खूप बघितलं आहे.

मी या अटीवर मावशीच्या बाजूचा आहे. पाच वर्षं हा फार मोठा काळ नाही, आणि बाहेरचा पैसा एकदा आत आला की तो परत काढता येत नाही. मित्रासाठी वाट काढता येईल. त्याने जाळंवाल्या घराशी भागीदारी करावी. कोकणात अशा भागीदाऱ्या होतच आल्या आहेत.

हे सगळं ठरवायचं कुठे, तर मच्छीमार सोसायटीच्या सभेत. भाचा सभासद आहे. तो म्हणाला, पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडतो, तू पाठिंबा दे.

मावशी : मी कुठून देऊ? होडी तुझ्या काकांच्या नावावर, जाळं त्यांच्या नावावर, सोसायटीत नावही त्यांचंच. चाळीस वर्षं मी त्या जेटीवर बसते, पण मला मत नाही. आधी पाटीवाल्या बायकांना सभासद करा म्हणून ठराव मांड. रॉडचा त्यानंतरच्या सभेत बघू.

भाच्याने खिशातून पेन काढलं आणि सभासद व्हायला काय काय कागद लागतात ते आठवून लिहायला घेतलं. तो पहिल्याच ओळीत अडकला, कारण मासेमारी हाच व्यवसाय असल्याचा दाखला विकणाऱ्या बाईला कोण देतं, हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं.